समेच्या अर्धी मात्रा आधी

प्रश्न : आमच्या गावात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह असतो. रात्रीच्या कीर्तन-भजनाचे फोटो मीच काढतो. कॅमेरा साधा आहे, त्याच्यासोबत आलेली १८-५५ ची लेन्स. फ्लॅश मारला की महाराज डोळे वटारतात. नाही मारला तर फोटो हललेले आणि दाणेदार. पखवाजवाल्याला तर हातच दिसत नाहीत, नुसता धूर. नवा कॅमेरा घ्यावा का?
– एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : कॅमेरा घेऊ नका. आहे त्याच बॉडीवर बसणारी ५० एमएम एफ १.८ लेन्स घ्या, जुनी मिळाली तरी चालेल. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं. तुमची लेन्स ५५ वर झूम केली की एफ ५.६ च्या पुढं उघडत नाही. १.८ वर जवळजवळ दहापट उजेड आत येतो. आज जो फोटो १/३० सेकंदाच्या शटरला हलतोय, तोच बाकी काही न बदलता १/३०० ला निघेल.

मात्र या लेन्सचे नखरे आहेत. तीन मीटरवरून १.८ ला शार्प राहतं ते जेमतेम वीतभर. वीणेच्या भोपळ्यावर फोकस बसला की वीणेकऱ्याचा चेहरा गेलाच म्हणून समजा. फोकसचा एकच बिंदू निवडा आणि तो तुमच्या जवळच्या डोळ्यावर ठेवा. अंधारात फोकससाठी कॅमेऱ्यातून जो लाल-हिरवा दिवा लागतो, तो मेनूत जाऊन बंद करा. महाराजांना त्याचाही राग येतो आणि तो बरोबर आहे.

दाण्याला एवढं भिऊ नका. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ३२०० ठेवा, गरज पडली तर ६४००. काळा फोटो काढून मागाहून कॉम्प्युटरवर उजळला तर दाणे उलट जास्त वर येतात. पोस्टकार्ड आकारात छापून बघा. दाणा कुणाला दिसणार नाही, हललेला चेहरा सगळ्यांना दिसेल.

आता मंडप. बांबूला बांधलेल्या एलईडी ट्यूब असतील. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं स्वस्तातला दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. १/२५० ला एक फोटो उजळ, पुढचा काळवंडलेला. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर आडवे पट्टेच पट्टे. अशा वेळी १/१०० वर या, पट्टे जातात. शिवाय मागं काळोख असला की कॅमेरा आपल्या मतानं उजेड वाढवतो आणि महाराजांचा फेटा, कपाळावरचा बुक्का, सगळं पांढरंफटक होतं. मॅन्युअलवर जा, चेहरा बघून एकदा मापं ठरवा आणि मग कॅमेऱ्याचं ऐकू नका.

तुम्ही म्हणाल, १/१०० ला पखवाजाचे हात हलणारच. हलू द्या! चेहरा स्थिर आणि बोटं थोडी विरलेली, हा फोटो मला तरी दगडासारख्या गोठलेल्या हातांपेक्षा जिवंत वाटतो. आणि हात स्थिर हवेच असतील तर शटर वाढवण्याआधी ऐकायला शिका.

हे मी फटका खाऊन शिकलोय. रोलचे दिवस होते. ४०० आयएसओचा ब्लॅक अँड व्हाईट रोल १६०० ला ओढायचा, म्हणजे १६०० चा समजून वापरायचा आणि धुताना जास्त वेळ ठेवायचा, ३६ फोटोंत रात्र भागवायची. बीड जिल्ह्यातल्या एका मैफलीत विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, चालू असताना मी फ्लॅश मारला. गायकांचे डोळे मिटलेले होते, उजवा हात खांद्याच्या वर. त्यांनी डोळे उघडले, गाणं थांबवलं नाही, बोललेही नाहीत. फक्त तो हात खाली आला, मांडीवर पडला आणि ते गाणं संपेपर्यंत पुन्हा वर गेला नाही. मागं तानपुऱ्यावर बसलेल्या पोरानं मात्र माझ्याकडं असं बघितलं, की मी फ्लॅश काढून पिशवीत घातला.

मध्यंतरात तबलजी चहा पिता पिता म्हणाले, "फोटोवाले, तुम्ही दरवेळी सम गेल्यावर दाबता." खरं होतं. डोळ्यानं बघून बोट दाबेपर्यंत क्षण निघून जातो. त्यांनी माझ्या गुडघ्यावर तीनतालाच्या सोळा मात्रा, म्हणजे ठोके, मोजून दाखवल्या; सम म्हणजे त्यातली पहिली. तेव्हापासून मी समेच्या अर्धी मात्रा आधी बोट दाबतो. सम घ्यायला वर गेलेला हात खाली येण्याआधी क्षणभर थांबतो, उसाचा कोयता वर जाऊन थांबतो तसा. तेवढ्याला १/१०० पुरतं. तुमच्या भजनी ठेक्यात तर आठच मात्रा, दोन अभंगांत अंगवळणी पडेल. टाळकऱ्यांचंही तेच: दोन्ही टाळ पूर्ण लांब गेले की एक श्वासभर स्थिर असतात. आणि हो, एका दमात दहा फोटो ओढू नका. त्या खाडखाड आवाजानं अभंगाचं मातेरं होतं.

अजून एक. कीर्तन सुरू व्हायच्या आधी तासभर जा. पखवाजवाला डाव्या पुडीला कणीक लावत असतो. अंगठ्यानं दाबायची, थाप मारून ऐकायची, चिमूटभर काढायची, परत दाबायची. हात सावकाश चालतात, मान कानाकडं कललेली, मंडपातले सगळे दिवे चालू. माझ्याकडचे पखवाजाचे चांगले फोटो बहुतेक या वेळचेच आहेत.

प्रश्न : मुलगी शाळेच्या स्नेहसंमेलनात गाते. माझ्याकडं फक्त मोबाईल आहे. फोटोत तिला दोन-दोन हात दिसतात!
– एक आई, लातूर

उत्तर : नाईट मोड बंद करा. तो सेकंद-दोन सेकंदांत अनेक फोटो घेऊन एकावर एक बसवतो. देवळासाठी ठीक, गाणाऱ्या पोरीसाठी नाही. बोटांनी झूम करू नका, उठून पुढं जा. स्क्रीनवर तिच्या चेहऱ्याला बोट लावा आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. माईक तोंडावर येतो म्हणून समोर बसू नका, बाजूला बसा. पहिल्या रांगेतले पाहुणे कुरकुरतील. कुरकुरू द्या.

प्रश्न : ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर लाल-निळे दिवे असतात. गायकाचा चेहरा टोमॅटोसारखा येतो.
– एक वाचक, नांदेड

उत्तर : लाल दिव्यात फोटोतला फक्त लाल रंग फुटतो, बाकीचे रिकामे राहतात, मग चेहऱ्याला नाक-डोळे उरत नाहीत. उजेड एक पायरी कमी, म्हणजे निम्मा घ्या, रॉ मध्ये (कॅमेऱ्यानं न सजवलेली मूळ फाइल) काढा, नाहीच जमलं तर ब्लॅक अँड व्हाईट करा. लाइटवाल्याशी आधी ओळख काढून दोन पांढरे दिवे मागून घेतले, तर यातलं काहीच करावं लागत नाही.

प्रश्न : घरी लग्नानंतरचा गोंधळ आहे. अंगणातले दिवे बंद करून फक्त दिवटीवर फोटो निघतील का?
– एक वाचक, तुळजापूर

उत्तर : निघतील, आणि असे की विजेच्या उजेडात कधी निघणार नाहीत. फक्त व्हाईट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा पिवळा-निळेपणा सांभाळणारं सेटिंग, ऑटोवर ठेवू नका. ऑटो ज्योतीचा पिवळेपणा पुसायला बघतो आणि हळदीच्या मळवटाचा रंग मरतो. ३००० केल्व्हिनच्या आसपास ठेवा.

दिवटी नाचत असते, त्यामुळं उजेड सारखा बदलतो. तिच्या मागं धावू नका. संबळवाला जिथं उभा आहे तिथं फोकस लावून थांबा आणि दिवटी त्याच्याजवळ आली की दाबा. लांब गेली की सोडून द्या. तुणतुणेवाल्याला दिवटीवाल्याच्या जवळ उभं राहायला सांगितलं तर तो नाही म्हणत नाही, मी सांगितलेलं आहे. ज्योत स्वतः फोटोत आली तर ती पांढरी होणारच, तिच्यासाठी चेहरा काळा करू नका.

लेन्सवर एक साधा काचेचा फिल्टर लावून जा. दिवटीवर तेल घालताना थेंब उडतात. माझ्या ५० एमएमच्या कडेला असाच एक डाग बसलाय. कितीही पुसला तरी उन्हात लेन्स तापली की करडीच्या तेलाचा वास येतो.