पारसिक टेकडीवरून स्थलांतर करणारे शिकारी पक्षी मोजताना तोच पक्षी दोनदा मोजला जाऊ नये म्हणून काय करावं?

घिरट्या घालणारा पक्षी मोजूच नका. घिरट्या सोडून, पंख ताठ धरून तो दक्षिणेकडे निघाला आणि तुम्ही ठरवलेली रेघ ओलांडली की मगच एक धरा. रेघ म्हणजे टेकडीवरचा एखादा टॉवर आणि खाडीपलीकडची उंच इमारत यांच्यामध्ये मनातल्या मनात आखलेली, पूर्व-पश्चिम. जॉर्जियातल्या बातुमीवरून दर हंगामात दहा लाखांहून जास्त शिकारी पक्षी जातात, तिथेही मोजणी रेघ धरूनच होते. ऊन तापलं की वर चढणाऱ्या गरम हवेवर सगळे गोल गोल फिरत एकमेकांत मिसळतात, तिथे आकडा लागणं अशक्य. त्या गरम हवेच्या माथ्यावरून सुटताना मात्र बऱ्यापैकी रांगेत निघतात. रेघेवरून उलटा उत्तरेला गेलेला वजा करा.

अडचण एकच, आपल्या घारी. दिवसभर तिथेच असतात, आणि त्यांत इथली कोण, पाहुणी कोण हे दुरून कळत नाही. त्यांचा रकाना वेगळा ठेवा, बेरजेत घेऊ नका. घार ओळखायला शेपटीच्या खाचेवर फार विसंबू नका. शेपटी फुलवली की खाच जवळपास दिसेनाशी होते.