एकट्या मावशीवर रिसर्च होतो का?

प्रश्न: ताई, मी सायकॉलॉजीत एमए करतेय, दुसरं वर्ष, रोज डोंबिवलीहून येऊन-जाऊन. माझी मावशी तीस वर्षं लोकलने ऑफिसला गेली, दोन वर्षांपूर्वी प्लॅटफॉर्मवर गर्दीत पडली आणि आता पुलाचा जिना उतरतानाच तिचे हातपाय कापायला लागतात. मला प्रोजेक्ट तिच्यावरच करायचाय. गाईड मॅडम म्हणतात एका बाईवर केलं तर त्याला गोष्ट म्हणतात, रिसर्च नाही, 150 जणांचे फॉर्म भरून आण. खरंच असं असतं का?

उत्तर: अगं, हे भांडण तुझ्या मॅडमच्या जन्माआधीचं आहे. 1894 मध्ये विंडेलबांड नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने स्ट्रासबुर्गच्या भाषणात दोन शब्द काढले, सगळ्यांना लागू होणारा नियम शोधायचा ते नोमोथेटिक, आणि एकच माणूस किंवा एकच घटना आहे तशी समजून घ्यायची ते आयडिओग्राफिक. गंमत म्हणजे त्याने सायकॉलॉजीला नियमवाल्यांच्याच पंगतीला बसवलं होतं, पुढे 1937 मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन सायकॉलॉजिस्टने पुस्तक लिहून सांगितलं की बाबांनो, माणूसही बघा.

आणि एकावर होत नाही म्हणणाऱ्यांना एबिंगहाउस हा जर्मन सायकॉलॉजिस्ट आठवत नाही का? विसरण्याचा जो आलेख तू पहिल्या वर्षाला पाठ केलास ना, तो त्याने 1885 मध्ये फक्त स्वतःवर प्रयोग करून काढला, निरर्थक अक्षरं पाठ करायची आणि किती विसरलो ते मोजायचं. एच. एम. नावाने ओळखला जाणारा पेशंटही एकटाच, 1953 च्या मेंदूच्या ऑपरेशननंतर त्याला नवीन काही लक्षात राहीना, तरी आरशात बघून चांदणी गिरवायला दिली तर रोज हात सुधारत गेला, आणि काल हे केलं होतं हे त्याला ठाऊकच नाही. पण यात एक मेख आहे, हे दोघं एकटे असले तरी शोध सगळ्यांच्या मेमरीचाच चालला होता. म्हणजे मुद्दा किती डोकी घेतली हा नाही, विचारायचंय काय हा आहे.

माझंच सांगते. बारावीनंतर दादरला टायपिंग क्लासला जायचे, ती जुनी खडखडणारी मशीनं. ज्या मुली चाळीसच्या स्पीडने मारायच्या त्यांच्या कागदावर सरांचे लाल गोल दोन-तीन, मी तिसावर आणि पानभर गोल. मी हिशेब केला, स्पीड वाढला की चुका कमी होतात! परीक्षेत दणादण सुटले, दोन पट्ट्या एकमेकींत अडकल्या, कागद बघून सर नुसते हसले. दहा जणींची तुलना केली तर माझा हिशेब बरोबरच होता की, सराव असलेली फास्टही असते आणि चुकतही कमी, पण एकाच मुलीने आज कालपेक्षा घाई केली तर चुका वाढणारच. आकडे तेच पण उलटे फिरले.

पीटर मोलेनार नावाच्या संशोधकाने 2004 मध्ये हेच ओरडून सांगितलं, की लोकांमधला नियम एका माणसाच्या आत आपोआप लागू होत नाही. 2018 मध्ये काही संशोधकांनी दोन्हीकडून मोजून पाहिलं, सरासरी साधारण जुळली, पण एकेका माणसाच्या आतला आकड्यांचा पसारा गटातल्यापेक्षा दोन ते चार पट मोठा निघाला. तुझ्या 150 फॉर्ममधून फार तर इतकं कळेल की जास्त प्रवास करणाऱ्यांना भीती कमी की जास्त, मावशीचा पाय कुठल्या दिवशी जिन्यावर अडकतो ते त्यातून कळायचं नाही.

पण मॅडमचंही थोडं ऐक, कारण मावशीशी दोन दुपारी चहा पीत मारलेल्या गप्पांना मीही रिसर्च म्हणणार नाही. एकच माणूस घ्यायचा तर मोजमाप भरपूर लागतं, दिवसातून चार-पाचदा मोबाईलवर भीतीला दहापैकी आकडा, झोप किती झाली, बाहेर पडली का, सोबत कोण होतं, असं महिनाभर, म्हणजे शंभरावर नोंदी होतात. मग बघ ना, भीती गर्दीबरोबर वाढते की आदल्या रात्रीच्या अपुऱ्या झोपेबरोबर. तिला मुद्दाम स्टेशनवर नेऊन भीती घालवायचा उद्योग मात्र तू करू नकोस, ते थेरपिस्टचं काम.

आणि सख्खी मावशी नको बाई. ती तुला खूष करायला आकडे कमी सांगेल, रिपोर्ट झाल्यावर गणपतीत सगळे एकत्र जमाल तेव्हा तुलाच अवघड होईल. दुसरं कोणी शोध, लेखी संमती घे, कॉलेजची एथिक्स कमिटी असेल तर तिच्याकडून मंजुरी घे, आणि एकाऐवजी चार जणी घेतल्यास, प्रत्येकीचा आलेख वेगळा काढून मग चारही शेजारी ठेवलेस, तर मॅडमही बहुतेक मानतील.

तरीही फॉर्मच भरायला लावले तर लिंक आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नकोस. मागच्या महिन्यात अशा तीन आल्या, तिन्ही मी एका हाताने जेवता जेवता भरल्या आणि काय टिक केलं ते आता देवालाच माहीत.