चौदा माणसं, चार गावं, एक आई: डिसेंबरात कुठे जमायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी दोन ओळींत मांडतो, म्हणजे मधूनच वाचायला लागलेल्यांनाही संदर्भ लागेल. आई वर्ध्याला, वय ७८, गुडघे दुखरे. तुम्ही पुण्यात बँकेत, एक भाऊ दिल्लीत, दुसरा बंगळुरूत, धाकटी बहीण कोलकात्याला आणि तिचे यजमान बंगाली. मुलंबाळं धरून चौदा जण. नाताळ ते ३१ डिसेंबर सगळ्यांनी एकत्र काढायचं ठरलंय, पण भाऊ गोवा म्हणतात, तुम्ही महाबळेश्वर म्हणता आणि आई म्हणते, 'तुम्ही ठरवा.'

मी वर्ध्याचाच. आमच्याही घरी दरवर्षी हा मेळा भरतो, त्यामुळे स्पष्टच सांगतो. आई जेव्हा 'तुम्ही ठरवा' म्हणते, तेव्हा तिचं ठरलेलं असतं. सगळ्यांनी वर्ध्याला या.

गोव्यावर माझा राग नाही. तुमचं कोणी मडगावला किंवा म्हापशाला राहत असतं, चर्चमधली मध्यरात्रीची मिसा, नेवऱ्या-दोदोलसारखं नाताळचं गोडधोड, शेजाऱ्यांकडची ताटं असा घरचा नाताळ मिळणार असता, तर मीच म्हटलं असतं, आईला घेऊन जा. पण तुम्ही राहणार हॉटेलात, आणि तेही खोल्यांचे भाव वर्षात सगळ्यात चढे असतात त्या आठवड्यात. चौदा माणसांच्या पाच-सहा खोल्या लागतील. आई त्यातल्या एकीत टीव्ही बघत बसेल आणि बाकीचे किनाऱ्यावर. महाबळेश्वरचं चित्रही फार वेगळं नाही, वर घाटातली वाहनांची रांग.

आता तारखा. अख्खा आठवडा सगळ्यांनी एकत्र, हा हट्ट सोडा. ज्याची सवड सगळ्यात कमी त्याच्यावरून तारीख धरायची, बाकीच्यांनी जुळवून घ्यायचं. तुम्ही लिहिलंय की दिल्लीचा भाचा बारावीला आहे. सीबीएसईच्या प्रात्यक्षिक परीक्षा जानेवारीत सुरू होतात, म्हणजे त्याला महिनाअखेरीला घरी पोचलंच पाहिजे. शिवाय दिल्लीतल्या सरकारी शाळांची हिवाळी सुट्टी साधारण १ ते १५ जानेवारी असते, आपल्याला वाटते तशी नाताळात नसते. त्याच्या धाकट्या बहिणीची शाळा काय म्हणते ते वहिनींना आधी विचारा. तुम्हाला ३१ डिसेंबरला तिमाहीअखेर, म्हणजे तो दिवस गेलाच. बंगळुरूचा भाऊ मात्र मोकळा. परदेशी ग्राहक सुट्टीवर गेलेले असतात आणि उरलेली रजा वाया जाऊ नये म्हणून त्याचं अर्धं ऑफिसच त्या आठवड्यात गायब असतं.

२०२६ मध्ये २५ डिसेंबर शुक्रवारी येतोय, २६ तारीख महिन्यातला चौथा शनिवार, २७ ला रविवार. बँकवाल्यांना एकही रजा न टाकता तीन दिवस! हेच तीन दिवस 'सगळे हजर' म्हणून पक्के करा. बंगळुरूकर चार दिवस आधी आले तर आईला बरंच वाटेल, कोलकात्याची मंडळी मागे राहिली तरी चालेल. आणि ३१ तारीख ज्याच्या त्याच्या दोस्तमंडळींना सोडून द्या. कॉलेजातली पोरं आजीसमोर बसून बारा वाजायची वाट बघतील, ही अपेक्षा धरू नका.

आरक्षणाला मात्र आळस नको. रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता १२० नाही, ६० दिवस आधी उघडतं. १ नोव्हेंबर २०२४ पासून हा बदल झाला. प्रवासाचा दिवस धरत नाहीत. म्हणजे २४ डिसेंबरला निघायचं तर २५ ऑक्टोबरला सकाळी ८ वाजता मोबाइल घेऊन बसायचं. यंदा दिवाळी ८ नोव्हेंबरला असल्याने ही तारीख नेमकी साफसफाई आणि फराळाच्या धांदलीत येते आणि हमखास विसरली जाते. एका तिकिटावर सहा जण बसतात, तत्काळला चारच. तत्काळच्या भरवशावर तर मुळीच राहू नका. आदल्या दिवशी १० वाजता एसीचं आणि ११ वाजता स्लीपरचं उघडतं, आणि नाताळात ते किती टिकतं हे ज्यांनी करून पाहिलंय त्यांना विचारा.

वर्ध्याची एक गंमत बाहेरगावच्यांना माहीत नसते. इथे स्टेशनं दोन. मुंबई–हावडा मार्गावरचं वर्धा जंक्शन आणि दिल्ली–चेन्नई मार्गावरचं सेवाग्राम, जे पूर्वी वर्धा पूर्व होतं. कोलकात्याची गाडी वर्ध्याला शोधायची, दिल्लीची सेवाग्रामला. दोन्हीकडे प्रत्येक गाडी थांबतेच असं नाही. सोयीची गाडी थांबत नसेल तर सरळ नागपूरपर्यंत या, तिथून वर्धा पाऊणशे किलोमीटरच्या आसपास, दीड तासात टॅक्सी दारात आणून सोडते. बंगळुरूकरांनी एक लक्षात ठेवावं, कर्नाटक एक्स्प्रेस दौंड–मनमाडवरून दिल्लीला जाते, आपल्या वाटेवर ती येतच नाही. राजधानी किंवा बिहारला जाणारी संघमित्रा एक्स्प्रेस बघायची. तुमच्यासाठी पुणे–नागपूर वंदे भारत आहे, ऑगस्ट २०२५ पासून धावतेय. दिवसभराचा प्रवास आहे, पण बसून. पाठीचा त्रास असेल तर रात्रीची झोपून येणारी गाडीच बरी.

धुक्याचं गणित दिल्लीकरांना पाठ असेल, तरी लिहितो. डिसेंबरअखेर पंजाब, हरयाणा, दिल्ली, उत्तर प्रदेश, बिहार या पट्ट्यात गाड्या तासन्‌तास रखडतात. म्हणून जम्मूकडून किंवा पंजाबातून येणाऱ्या गाडीत दिल्लीला बसण्यापेक्षा दिल्लीतूनच सुटणारी गाडी घ्यायला सांगा, जीटी, तमिळनाडू, तेलंगणा यांपैकी. हाच हिशेब बंगळुरूच्या परतीला लावा. इकडे येताना संघमित्रा दक्षिणेतून येते तेव्हा ठीक असते, पण उलट्या दिशेने ती बिहारमधून येते, आणि मग सेवाग्रामच्या फलाटावर मुलांना घेऊन कुडकुडत बसायची पाळी येते. परतीला राजधानी मिळाली तर सोन्याहून पिवळं. दिल्लीच्या भावाने परतल्या दिवशीच ऑफिसला हजर व्हायचं ठरवू नये.

तुम्ही समृद्धी महामार्गाने गाडी घेऊन यायचं म्हणत असाल तर या, पण दिवसाउजेडी. रस्ता उत्तम आहे, सरळ आहे, आणि तोच घात करतो. तासन्‌तास काहीच बदलत नाही, डोळा लागतो. दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करा. पोरांपैकी कोणाला मोटारसायकलवर यायची हौस आली असेल तर सांगा, त्या रस्त्यावर दुचाकीला परवानगी नाही.

आता घर. चौदा माणसं आणि जुन्या घरात एक न्हाणीघर, हे सकाळी आठच्या सुमाराला डोळ्यांसमोर आणा. पाणी तापायला वेळ, बाहेर रांग, आतून आईची हाक. दोन जोडप्यांसाठी जवळच्या लॉजमध्ये खोल्या घ्या. यात कमीपणा काही नाही. धाकट्या जावयांना तर मनातून बरंच वाटेल, ते बोलून दाखवणार नाहीत इतकंच. झोपायच्या गाद्या-रजया कोणी गावाहून ओझी वाहून आणू नयेत. आपल्याकडे बिछायत केंद्रं आहेत, दिवसाच्या भाड्याने सगळं मिळतं, घरपोच. पण त्या दिवसांत लग्नंही असतात, तेव्हा नोव्हेंबरातच सांगून ठेवा. आणि पुण्याच्या थंडीवरून विदर्भाच्या थंडीचा अंदाज बांधू नका. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. दरवर्षी असं होत नाही, पण दहाच्या खाली जाणं नवलाचं नाही. बंगळुरूच्या मुलांना कानटोप्या आणायला सांगा.

स्वयंपाकाला बाई लावा. आई म्हणेल, 'माझ्या घरात? मी काय मेलेय का?' तिला सांगायचं, तू फक्त काय करायचं ते सांग, हात लावायचा नाही. (ती लावेलच. एखादी पाटोडी तिच्या हातची होऊ द्या, अडवू नका.) हाच तर आपल्याकडचा खायचा मोसम. तुरीच्या ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून टोपलीभर मधे ठेवायच्या, सोल्यांची, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांची, आमटी करायची, हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा कच्चा घोळाणा करायचा. संध्याकाळी अंगणात तुराट्या-पऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या-कापसाच्या वाळक्या काड्या, पेटवून त्यावर वांगी भाजा. गॅसवरच्या भरिताला तो वास येत नाही, कितीही मोठा आचारी असो. निखाऱ्यात कणकेचे रोडगे घाला, त्यासोबत वरण आणि वांग्याची भाजी. एका दुपारी वडाभात किंवा गोळाभात, वरून फोडणीचं तेल सढळ. सांभारवडीही करा, पण बंगळुरूच्या वहिनींना आधीच सांगून ठेवा की आपल्याकडे सांभार म्हणजे कोथिंबीर, नाहीतर त्या वाटी घेऊन बसतील. ज्वारीचा हुरडा खरा रंगात येतो तो जानेवारीत, त्याचं वचन मुलांना आत्ताच देऊ नका.

प्रत्येकाने आपापल्या गावाची हिवाळ्याची वस्तू आणायची, हे मात्र सक्तीचं करा. कपडे, खेळणी, भेटवस्तूंची देवाणघेवाण नको. त्यात तुलना सुरू होते. खायचं आणा. दिल्लीहून गजक आणि रेवड्या. बंगळुरूत डिसेंबर-जानेवारी म्हणजे अवरेकाळूचा मोसम, आपल्या पावट्याचीच ती भावकी. भिजवून, दाबून साल काढलेले दाणे बाजारात मिळतात. ते प्रवासात टिकत नाहीत म्हणून सोललेले न आणता शेंगाच आणाव्यात आणि इथे सगळ्यांनी मिळून सोलाव्यात. गप्पांना हाताला काम मिळतं. सगळ्यात भारी पेटी मात्र कोलकात्याची येणार. थंडीत खजुरीच्या झाडाचा रस रात्रभर मडक्यात गोळा करून पहाटे आटवतात, तो नोलेन गूड. पातळ गूळ बाटलीतून आणला तर पिशवीभर सांडतो, म्हणून पाटाली, म्हणजे ढेप, आणायला सांगा. जयनगरचा मोआ मिळाला तर उत्तम. कनकचूर भाताच्या लाह्या आणि हाच गूळ यांचा तो लाडू, २०१५ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण तो दोन-तीन दिवसांतच खावा, त्यामुळे निघायच्या दिवशीच घ्यायचा. जावयांना म्हणावं, तुमच्या हातची पायेश (खीर) या गुळाची होऊ द्या. तीन दिवस 'बसा हो, बसा' ऐकून जावई कंटाळतात, स्वयंपाकघरात शिरायला मिळालं की खुलतात. परत जाताना त्यांच्या पेटीत गोरसपाक, ही आपली वर्ध्याची तुपातली बिस्किटं, आणि संत्री भरा. आंबिया बहराची संत्री तोवर बाजारात असतात.

फिरायला फार काही ठरवू नका. ताडोबासाठी सगळा दिवस जातो आणि आई घरीच राहते. सेवाग्राम आश्रम गावापासून आठेक किलोमीटरवर, जमिनीसपाट, आईलाही हळूहळू चालता येईल. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले, आणि कुडाच्या भिंतींची बापूकुटी बघून दिल्ली-बंगळुरूची मुलं आपणहून गप्प होतात, हे मी पाहिलंय. येताना पवनारला धाम नदीकाठी थांबा. वाघाचा हट्टच असेल तर बोर व्याघ्र प्रकल्प जवळ आहे, छोटासा, ताडोबाइतकी गर्दी नाही. सफारीचं आरक्षण आधी करा आणि वाघ दिसेल असं मुलांना सांगू नका.

एक संध्याकाळ आईच्या लोकांसाठी ठेवा. तिच्या भजनी मंडळातल्या, शेजारच्या, तुमच्या शाळेतल्या मैत्रिणी ज्या अजून गावात आहेत त्या. चहा, चिवडा, शेंगा, बस्स. वर्षभर आईच्या हाकेला धावून येणारी माणसं ती आहेत, आपण नाही.

पैशाचं मात्र आधीच बोलून घ्या, नाहीतर शेवटच्या दिवशी कुजबूज होते. घरखर्चाची डोक्यागणिक वाटणी मला पटत नाही. बंगळुरूच्या चौघांचा नुसता प्रवासच तुमच्यापेक्षा महाग पडेल. आमच्याकडे थर्ड एसीचं भाडं, लॉज, बिछायत, बाई, किराणा, सगळं एका वहीत चढतं आणि चार घरांत समान वाटलं जातं. ज्याला विमानाने यायचं त्याने वरचा फरक स्वतः भरायचा. आईकडून एक रुपया घ्यायचा नाही. ती नातवंडांच्या हातात जे कोंबेल ते वेगळं, त्याचा हिशेब मागू नये. वही एकाच्याच हातात द्या, शक्यतो जावयांच्या. भावंडं आपसात भांडतात, जावयांशी कोणी भांडत नाही.

तर आज एवढंच करा: तिन्ही भावंडांना आणि आईला २५ ते २७ कळवा, २५ ऑक्टोबरचा गजर लावा. बिछायतीसाठी आणि स्वयंपाकाच्या बाईंसाठी गावात कोणाशी बोलायचं ते मला व्यक्तिगत निरोपात विचारा, सांगतो.