मुक्तिनाथ पुढच्या खेपेला

प्रश्न : मी ६२ वर्षांची, हे ६८, आणि सोबत बारा वर्षांचा नातू. कार्तिकात बारा दिवस काढून लुंबिनी, पोखरा, मुक्तिनाथ, काठमांडू आणि काशी करायचं आहे. यांना गुडघ्यांचा त्रास आहे आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. विमानानं जावं की रेल्वेनं? कागदपत्रं काय न्यावीत?
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : ताई, यादीतून आधी मुक्तिनाथ खोडा. पोखरा जेमतेम ८०० मीटरवर आणि मुक्तिनाथ ३,७०० च्याही वर. जीपनं घाईघाईत चढायचं, वर पायऱ्या, आणि गोळी चालू असलेला माणूस बरोबर. देव थांबेल. शाळिग्रामच हवा असेल तर पोखऱ्याच्या बाजारात मिळतो, भाव मात्र करा.

जाताना रेल्वेच घ्या. आपली बरौनी मेल थेट गोरखपूरला सोडते. तिथून सोनौलीची हद्द शंभरेक किलोमीटर, आणि भैरहवा ओलांडून लुंबिनी. पण निघण्यापूर्वी एका रविवारी नातवाला दतियाजवळच्या गुर्जऱ्याला नेऊन आणा. अशोकाचं नाव कोरलेले शिलालेख देशात मोजकेच, त्यातला एक तिथे आहे. एरवी तो स्वतःला ‘देवानांप्रिय’ म्हणवतो, लुंबिनीच्या खांबावरही तसंच. त्या खांबावर लिहिलंय की राजा स्वतः इथे आला आणि गावाचा सारा आठव्या हिश्शावर आणला. सारामाफीची गोष्ट मुलांना बरोबर कळते.

कागदपत्रांचं नीट ऐका. व्हिसा लागत नाही, म्हणून लोक गाफील राहतात. माझे दीर आधारकार्ड घेऊन दिल्लीच्या विमानतळावर पोचले आणि तिथूनच परत फिरले; मतदार ओळखपत्र इथे कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली! पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, दोन्हीपैकी एक मूळ प्रत हवीच. नातवाचा पासपोर्ट काढूनच टाका. नोटा शंभराच्या ठेवा. १०० रुपयांचे नेपाळी १६० होतात, दर ठरलेला आहे. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा, आणि शनिवारी तिकडे सुट्टी असते हे विसरू नका.

पोखऱ्याला तीन दिवस द्या. फेवा तलावाच्या काठी बसून माछापुच्छ्रे शिखर दिसतं, ६,९९३ मीटरचं, माशाच्या शेपटीसारखं. पहाटे सारंगकोटला गाडी बरीच वरपर्यंत जाते, गुडघ्यांना फार त्रास नाही.

काठमांडूत मात्र मुक्काम करू नका, जवळच्या भक्तपूरला करा. माझं हे मत घरात कुणाला पटलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी निघायला कुणी तयार नव्हतं. १७०२ सालचं पाच मजली न्यातपोल देऊळ २०१५ च्या भूकंपातही उभं राहिलं. सकाळी त्याच्या पायऱ्यांवर भाजीवाल्या बसतात, आणि मातीच्या कुंड्यातलं जुजु धौ, म्हणजे तिथलं गोड दही, खाल्लं की आपलं चक्का-श्रीखंड आठवतं. पशुपतिनाथ तिथून करून या; चामड्याचा पट्टा, पाकीट खोलीवरच ठेवा. तिथले पुजारी पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणेतून येतात.

तिहार म्हणजे त्यांची दिवाळी. एक दिवस कुत्र्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा, कपाळाला टिळा. नातू खूश होईल. पण लक्ष्मीपूजनाला घर बंद ठेवणं तुमच्याकडे चालतं का? नसेल तर भाऊबीज उरकून निघा. आकाश तेव्हाही स्वच्छच असतं.

परतताना काठमांडू-भैरहवा विमानानं या, घाटातली रात्रीची बस नको. गोरखपूरहून काशी. ललिता घाटावर लाकडी कोरीवकामाचं नेपाळी देऊळ आहे, भक्तपूर पाहून आल्यावर ते ओळखीचं वाटेल. शिंदे घाट तिथून जवळ, आणि विश्वनाथाचं देऊळ अहिल्याबाईंनी १७८० मध्ये उभारलेलं. काशीहून बुंदेलखंड एक्सप्रेस घरी आणते. दोन्ही गाड्यांचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. तुमच्या यांच्यासाठी खालचा बर्थ त्याच सकाळी धरा.