वैद्यकीय इंग्रजी शब्दांची मुळं शोधायची तर एका अवयवापासून सुरू कर

याद्या पाठ करत बसू नकोस. आधी एकच अवयव घे. मूत्रपिंडाला इंग्रज घरात ‘किडनी’ म्हणतो, विशेषण मात्र लॅटिनमधून आलेलं ‘रीनल’, आणि सूज आली की ग्रीक ‘नेफ्रायटिस’. एका अवयवावर तीन भाषांचे थर! हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी हरखून गेलो होतो.

नवखे दोन ठिकाणी हमखास फसतात:

- मूळ अर्थ म्हणजेच आजचा अर्थ, असं धरून चालतात. ‘मलेरिया’ म्हणजे इटालियनमध्ये वाईट हवा. १८९७ साली सिकंदराबादेत ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना डासात मलेरियाचा परजीवी दिसला, म्हणजे दोष हवेचा नव्हता, तरी नाव तेच राहिलं.
- कानाला सारखं लागलं की नातं जोडतात. ‘कोरोनरी’ (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचं विशेषण) हा शब्द लॅटिनमधल्या हृदयवाचक ‘कॉर’वरून नाही, मुकुटवाचक ‘कोरोना’वरून आला. कोश उघडल्याशिवाय काही लिहू नकोस.

ग्रीक व्याकरण सध्या राहू दे. पुढचा अवयव यकृत घे.