वाचक विचारतात : छोट्या ट्रेल मोटारसायकलींची ओढ

प्रश्न : तरुणपणी माझ्याकडे 125 सीसीची टू-स्ट्रोक ट्रेल, म्हणजे कच्च्या पायवाटांसाठीची हलकी मोटारसायकल होती. आज तिच्या जवळजवळ दसपट ताकदीची मोठी ॲडव्हेंचर मोटारसायकल आहे; परंतु कच्च्या वाटेवर उतरल्यावर पूर्वीसारखी मजा येत नाही. हा केवळ वयाचा परिणाम आहे, की त्या लहान गाड्यांमध्ये खरोखरच काही वेगळे होते?

उत्तर : वयाचा वाटा आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. मात्र सगळे खापर वयाच्या माथी फोडण्याआधी दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. 1968 साली आलेली यामाहा डीटी-1 ही 246 सीसीची, म्हणजे आपल्या गाडीच्या दुप्पट क्षमतेची टू-स्ट्रोक ट्रेल मोटारसायकल होती आणि तरीही पेट्रोल-तेल न धरता तिचे वजन सुमारे 112 किलो भरत असे. अलीकडच्या मोठ्या ॲडव्हेंचर गाड्यांचा नमुना म्हणून बीएमडब्ल्यू आर 1250 जीएस घेतली, तर भरल्या टाकीसह ती 249 किलोची आहे. मोजण्याची पद्धत वेगळी असल्यामुळे पेट्रोल-तेलाचे दहा-बारा किलो इकडे-तिकडे करावे लागतील, पण दुपटीचा हिशेब त्याने बदलत नाही. हा फरक सपाट रस्त्यावर जाणवत नाही. तो जाणवतो निसरड्या उतारावर गाडी पाऊलभर बाजूला सरकते तेव्हा. हलकी गाडी पाय टेकवून सावरता येते, आणि नाहीच सावरली तर खाली सोडून देऊन पुन्हा एकट्याने उभी करता येते. अडीचशे किलोची गाडी कलली की ती धरून ठेवण्याचा प्रयत्न करणेच धोक्याचे ठरते. पडण्याची किंमत एवढी वाढली की माणूस वाटेकडे पाहण्याऐवजी गाडीकडे पाहू लागतो, आणि आपल्याला जे हरवल्यासारखे वाटते आहे, त्यातला मोठा भाग इथेच हरवलेला असतो, असे आमचे मत आहे.

दुसरी गोष्ट ताकदीची. बारा-तेरा अश्वशक्तीच्या गाडीची मूठ चालक दिवसातून अनेकदा शेवटपर्यंत पिळतो. मोठ्या गाडीची मूठ कच्च्या वाटेवर पूर्ण पिळण्याची संधी क्वचितच मिळते, आणि मिळाली तरी तसे करणे शहाणपणाचे नसते. परिणामी लहान गाडीवर प्रत्येक चढाचा आधी विचार करावा लागतो : पायथ्याशी वेग किती असावा, दुसरा गिअर पुरेल की चढाच्या मध्येच पहिला टाकावा लागेल, दगडाच्या डावीकडून गेल्यास मागच्या चाकाला पकड मिळेल का. टू-स्ट्रोक इंजिनात तर ही कसोटी अधिकच लागत असे. त्याची ताकद सर्व फेऱ्यांवर, म्हणजे इंजिनाच्या सर्व वेगांवर, सारखी मिळत नाही. ठरावीक फेऱ्यांच्या खाली ते इंजिन मरगळलेले असते आणि त्या टप्प्यावर पोचताच एकाएकी खेचू लागते. सायलेन्सरच्या आधीचा फुगीर पाइप अशा आकाराचा बनवलेला असतो, की एक्झॉस्टच्या दाबाची लाट परत फिरून बाहेर निसटू पाहणारे पेट्रोल-हवेचे ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये पुन्हा ढकलते. ही परतफेड त्या ठरावीक फेऱ्यांनाच नेमकी साधते, म्हणून हा झटका. हाफ क्लचवर इंजिन त्या टप्प्याच्या किंचित वर टिकवून ठेवणे हे शिकण्याचे कौशल्य होते आणि ते जमल्याचा आनंद वेगाच्या आनंदाहून वेगळा होता.

वेगाचेही एक गणित आहे. वेग दुप्पट झाला की चालत्या गाडीतील ऊर्जा चौपट होते. अरुंद वाटेवर ताशी 25 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या हलक्या गाडीवर थरार पुरेपूर मिळतो, कारण वाट लहान आहे आणि वळणे जवळजवळ आहेत. तोच थरार जड गाडीवर मिळवायचा तर मोठी वाट आणि मोठा वेग लागतो, आणि मग चूक झाल्यास होणारी इजाही त्याच हिशेबाने वाढते.

हे सारे आठवणींचे लाड नाहीत, याची एक साक्ष म्हणजे यामाहाची सेरो. 1985 साली 225 सीसीची ही फोर-स्ट्रोक गाडी आणताना कंपनीने ‘दोन चाके, दोन पाय’ अशी कल्पना मांडली होती. चालकाने अवघड जागी दोन्ही पाय टेकत, ढकलत, सावकाश वर चढावे हे तिच्यात गृहीतच होते. म्हणून आसन खालच्या पातळीवर आणि हँडल दोन्ही बाजूंना भरपूर वळणारे. कड्यांवर सहज वावरणाऱ्या जपानी रानबकरीसारख्या प्राण्याचे नाव तिला दिले गेले. पाय टेकणे हा कमीपणा न मानणारी मोटारसायकल, एवढे एकच वर्णन आपल्या प्रश्नाच्या उत्तरासाठी पुरेसे आहे.

तरीही आठवण काय काय गाळते तेही सांगायला हवे. ओढा ओलांडल्यावर भिजलेले ड्रम ब्रेक काही वेळ जवळजवळ नसल्यासारखेच असत. सहा व्होल्टचा दिवा इंजिनाचा वेग उतरला की मिणमिणू लागे, म्हणजे नेमका अवघड उतारावर, जिथे उजेड हवा तिथे. प्लग काजळल्यामुळे दहा-दहा किका मारूनही गाडी न लागल्याचे प्रसंग प्रत्येकाच्या वाट्याला आलेले आहेत. आपल्या पत्रात त्यांचा उल्लेख नाही, हे आम्ही आपल्याविरुद्ध धरत नाही.

प्रश्न : अशा साध्या गाड्या लोकांना एवढ्या आवडत होत्या, तर कंपन्यांनी त्या बनवणे का सोडले?

उत्तर : एका कारणाने ही घट झाली नाही, आणि पूर्णपणे सोडले असेही म्हणता येत नाही. टू-स्ट्रोक गाड्यांचे कारण सर्वांना ठाऊक आहे. या इंजिनात जळलेला वायू बाहेर ढकलण्याचे काम ताजे मिश्रणच करते, त्यामुळे त्याचा काही भाग न जळताच सायलेन्सरवाटे निघून जातो. शिवाय वंगणाचे तेलही इंधनाबरोबर जळते. अमेरिकेत 1978 च्या मॉडेलांपासून मोटारसायकलींच्या धुरावर मर्यादा आल्या, पुढे इतर देशांतही नियम कडक होत गेले, आणि रस्त्यावर चालवण्याच्या टू-स्ट्रोक ट्रेल गाड्या क्रमाक्रमाने मागे पडल्या.

यापेक्षा कमी चर्चिले जाणारे कारण शर्यतींचे आहे. 1970 च्या दशकाच्या मध्यापासून मोटोक्रॉसच्या, म्हणजे उंचसखल मातीच्या मार्गावरील शर्यतींच्या, गाड्यांचा सस्पेन्शनचा पल्ला (चाक वर-खाली सरकण्याचे अंतर) झपाट्याने वाढला. पल्ला वाढला की गाडी उंच होते, आसन उंच होते, आणि उड्यांचा मार सोसण्यासाठी सांगाडाही बदलतो. ट्रेल गाड्यांचे रूप नेहमीच शर्यतीच्या गाड्यांवरून घेतले जात असल्यामुळे त्याही उंच होत गेल्या. उडी मारण्यासाठी योग्य असलेली उंची पायवाटेवर रेंगाळणाऱ्या चालकासाठी गैरसोयीची आहे, ही गोष्ट दुकानात गाडी पाहताना लक्षात येत नाही. तिथे उंच गाडीच रुबाबदार दिसते. ग्राहकालाही यातून मोकळे सोडता येणार नाही. लहान इंजिन म्हणजे शिकाऊ गाडी, हा समज त्यानेच जोपासला. कंपनीच्या बाजूने पाहिले तर लहान गाडीला सुटे भाग जवळजवळ तेवढेच लागतात, मात्र किंमत तेवढी लावता येत नाही.

फोर-स्ट्रोकची वाट मात्र बंद झाली नाही. होंडाने 1972 मध्येच चार झडपांची एक्सएल 250 आणून हा प्रकार रुजवला होता. 1987 पासूनची यामाहा टीडब्ल्यू 200, मागे 180 मिलिमीटर रुंदीचा फुगीर टायर लावलेली, फारसे रूप न बदलता दशकानुदशके विकली गेली. होंडाच्या ट्रेल मालिकेची कथा तर विशेष रंजक आहे. 1960 च्या दशकाच्या आरंभी आलेल्या तिच्या लहान गाडीला मागे दोन स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ती दातेरी चाके) होते. डोंगर आला की चालकाने उतरून, चेनमध्ये जादा तुकडा जोडून ती मोठ्या स्प्रॉकेटवर चढवायची आणि डोंगर संपला की पुन्हा उलट खटाटोप करायचा. नंतरच्या ट्रेल 90 मध्ये हेच काम एक छोटा दांडा फिरवून होऊ लागले. त्याच घराण्यातली सीटी 125 कंपनीने 2020 मध्ये बाजारात आणली. त्याच वर्षी सेरो, जी तोवर 250 सीसीची झाली होती, तिचे उत्पादन मात्र थांबले.

प्रश्न : जुनी 125 सीसीची टू-स्ट्रोक ट्रेल गाडी कित्येक वर्षे छपराखाली उभी आहे. ती पुन्हा सुरू करायची आहे. किक मारून पाहू का?

उत्तर : कृपया मारू नका, निदान पहिल्याच दिवशी नको. आधी प्लग काढा, त्या छिद्रातून टू-स्ट्रोक तेलाचे काही थेंब आत सोडा, एक रात्र जाऊ द्या आणि मग किक हाताने दाबून इंजिन सावकाश फिरवून पाहा. ते अडत असेल तर जोर लावू नये. पिस्टनच्या गंजलेल्या रिंगा बोअरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) ओरखडे काढतात, आणि मग थोड्याशा कामाऐवजी नवा पिस्टन बसवण्याचे काम पदरी पडते.

इंजिन फिरत असेल तर पेट्रोलकडे वळावे. जुन्या पेट्रोलला रंगाच्या डब्यासारखा आंबूस वास येतो आणि त्याचा चिकट थर कार्बोरेटरमध्ये साचतो. टाकी पूर्ण रिकामी करून आत विजेरीचा झोत टाकावा. तांबूस गंज दिसला तर टाकी साफ केल्याशिवाय पुढे जाऊ नये. कार्बोरेटर उघडल्यावर पायलट जेट (मंद वेगाला पेट्रोल पुरवणारी छोटी तोटी) उजेडासमोर धरून पाहावे. त्याचे छिद्र इतके बारीक असते, की ते बंद आहे की उघडे हे हातात धरून कळत नाही, उजेडाचा ठिपका दिसला तरच ते मोकळे समजावे. तारेने टोचण्याचा मोह आवरावा, कारण छिद्र किंचित मोठे झाले तरी मिश्रण बिघडते. क्लीनर आणि हवेचा दाब पुरेसा असतो.

टू-स्ट्रोकमध्ये सर्वांत जास्त फसवतात ती क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या दोन्ही टोकांची, रबरी सीले. गाडी उभी राहिल्याने रबर कडक होते आणि कडेने गळती सुरू होते. मॅग्नेटोच्या (ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या भागाच्या) बाजूचे सील गेले, तर तिथून हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते, आणि मूठ सोडल्यावरही इंजिनाचा वेग खाली येत नाही. हे लक्षण दिसताच इंजिन बंद करावे. तसेच दामटल्यास पिस्टन तापून जाम होतो. क्लचच्या बाजूचे सील गेले, तर गिअरबॉक्समधले तेल इंजिनात ओढले जाते, पांढऱ्या धुराचे लोट थांबत नाहीत आणि गिअर ऑइल मात्र कोणतीही गळती न दिसता कमी होत जाते. एवढ्या वर्षांनी दोन्ही सीले बदलूनच टाकावीत, असा आमचा सल्ला आहे.

वेगळ्या टाकीतून पंपाने तेल पुरवण्याची व्यवस्था असेल, तर नळीतील हवा काढून टाकावी आणि पहिल्या टाकीपुरते तेल पेट्रोलमध्येही मिसळावे. थोडा जास्त धूर परवडतो, कोरडा पिस्टन परवडत नाही. पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारे उघडझाप करणारे संपर्क) असलेल्या गाडीत ते स्वच्छ करून फट मॅन्युअलप्रमाणे ठेवावी, बहुतेक लहान गाड्यांत ती 0.3 ते 0.4 मिलिमीटर असते. बॅटरी मेली म्हणून निराश होण्याचे कारण नाही, कारण यांपैकी पुष्कळ गाड्यांची ठिणगी थेट मॅग्नेटोवर चालते. ब्रेकचे ड्रम उघडताना धूळ हवेने उडवू नये, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसावी. टायरवरचे चार अंकी निर्मितीचिन्ह वाचावे : 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. तीनच अंक दिसले, तर तो टायर 2000 सालापूर्वीचा आहे आणि त्याची नक्षी कितीही कोरी असली तरी त्यावर बसू नये.

प्रश्न : मी साठीकडे झुकलो आहे, उंची बेताची आहे. लहान ट्रेल गाडी नव्याने घ्यावी का, आणि घेताना काय पाहावे?

उत्तर : जरूर घ्यावी, आणि शक्यतो इलेक्ट्रिक स्टार्ट असलेली फोर-स्ट्रोकच घ्यावी, चढावर बंद पडलेली गाडी एका पायावर तोल सांभाळत किकने सुरू करणे या वयात शोभेचे साहस नाही. अश्वशक्तीचा आकडा वाचण्यात वेळ घालवू नये. आसनावर बसून दोन्ही पाय जमिनीला नीट पोचतात का, हे पाहावे. मग मालकाच्या परवानगीने गाडी मऊ जमिनीवर आडवी करून एकट्याने उचलून पाहावी. उचलता आली नाही, तर ती गाडी चांगली असूनही आपली नव्हे. घेतल्यानंतर पहिल्या गिअरमध्येही ती वाटेवर घाई करते असे वाटले, तर पुढचे स्प्रॉकेट एका दाताने लहान बसवून घ्यावे. खर्च किरकोळ असतो, चढावर क्लच कमी घासावा लागतो. फक्त स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालणारा असेल, तर तो त्यानंतर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवील.