पूल शिकताय? आधी पांढरा बॉल जागेवर थांबवा

पूलमध्ये क्यूने, म्हणजे लांब काठीने, पांढरा बॉल मारून रंगीत बॉल टेबलाच्या पॉकेटांत, म्हणजे कडेच्या भोकांत, पाडायचे. नव्याने शिकताना तीन प्रश्न पडतात: बॉल पॉकेटच्या तोंडाशी आपटून बाहेर का येतो, गेलाच तर मागोमाग पांढराही का जातो, आणि आता स्वतःचा क्यू घ्यावा का. पहिल्या दोन्हींचं उत्तर बऱ्याचदा नेमात नसतं. क्यूचं टोक, म्हणजे टिप, पांढऱ्याला नेमकी कुठे लागते, यात असतं.

आधी एक तपासणी करा. टेबल रिकामं करून फक्त पांढरा बॉल ब्रेकच्या रेषेच्या (जिच्यामागून खेळाचा पहिला शॉट मारतात) मधोमध ठेवा. समोरच्या आखूड कुशनच्या (टेबलाच्या रबरी कडेच्या) लाकडावर मधली खूण असते, तिच्यावर मारा आणि क्यू आहे तिथेच धरून ठेवा. बॉल परत येऊन टिपेला लागला पाहिजे. जाताना खुणेवर गेला पण परतताना बाजूला वळला, तर टिप मध्याच्या डावी-उजवीकडे लागतेय आणि नकळत स्पिन बसतोय. जातानाच वाकडा गेला, तर उभं राहण्याची रेषच चुकली आहे. दहातले सहा-सात परत टिपेला लागेपर्यंत पुढे जाऊ नका. कंटाळवाणं आहे, पण याशिवाय बाकी सगळं नशिबावर चालतं.

उभं राहताना, उजव्या हाताने खेळत असाल तर उजवं पाऊल शॉटच्या रेषेवर आणि डावं खांद्याइतक्या अंतरावर पुढे. हनुवटी क्यूच्या वर. पुढच्या हाताचा ब्रिज, म्हणजे क्यूला दिलेला आधार, पांढऱ्यापासून १५ ते २० सेंमीवर. नवीन माणूस तो ३० सेंमीवर नेतो आणि टिप डोलायला लागते. टिप बॉलला टेकेल तेव्हा मागच्या हाताचा कोपराखालचा भाग सरळ खाली लोंबता हवा. मूठ सैल. आवळलीत की ऐन वेळी मनगट फिरतं आणि क्यू बाजूला सरकतो. मारल्यावर टिप दहा-बारा सेंमी पुढे जाऊ द्या, आणि बॉल पडेपर्यंत डोकं वर काढू नका.

आता पांढरा मागोमाग का जातो ते. तो घरंगळत जाऊन समोरच्या बॉलला अगदी सरळ लागला, तर आपला वेग त्याला देतो, पण पुढे फिरणं त्याच्यात उरतं आणि तेच त्याला पॉकेटपर्यंत नेतं. उपाय म्हणजे स्टॉप शॉट. कोपऱ्याच्या पॉकेटच्या रेषेत रंगीत बॉल आणि त्यामागे ३० सेंमीवर पांढरा ठेवा. मध्याच्या किंचित खाली, मध्यम जोराने मारा. आदळताक्षणी पांढरा जागच्या जागी थांबला पाहिजे. पुढे सरकला तर आणखी खाली मारा. मागे आला तर कमी खाली. जमलं की अंतर ६० सेंमी करा, मग ९०. जितकं लांब, तितकं खाली किंवा जोरात मारावं लागतं, कारण कापडाच्या घर्षणाने उलटा स्पिन वाटेतच संपतो. खाली मारताना क्यूची मागची बाजू उचलू नका, ब्रिजचा हात चपटा करा. मध्यापासून साधारण १४ मिमीपलीकडे गेलात की टिप घसरते. खडू प्रत्येक शॉटआधी लावायचा तो यासाठीच.

कॅरम खेळला असाल तर कट, म्हणजे बॉलला तिरकं मारून वळवणं, समजायला सोपं जाईल, पण एक सवय मोडावी लागेल. स्ट्रायकर घसरत जातो, पूलचा बॉल घरंगळतो. त्यामुळे कटनंतर पांढरा तुम्हाला वाटतो त्यापेक्षा पुढे वळतो. नेम धरताना रंगीत बॉलच्या मागे, पॉकेटच्या रेषेत, चिकटून दुसरा बॉल ठेवलाय असं डोळ्यांसमोर आणा आणि पांढऱ्याचा मध्य त्याच्या मध्यावर न्या. थेट स्पर्शबिंदूवर नेम धरलात तर बॉल नेहमी जाड लागतो, हवा त्यापेक्षा कमी कटतो. सवयीसाठी एक कोन घोटा: क्यू रंगीत बॉलच्या कडेवर रोखला, तर ३० अंशांचा कट होतो.

आणि जोर कमी करा. बॉल ५७ मिमीचा आणि कोपऱ्याच्या पॉकेटचं तोंड जेमतेम दोन बॉलइतकं. हळू गेलेला बॉल कडेला घासूनही आत पडतो, जोराचा तिथेच दोन्ही बाजूंना थडकून बाहेर येतो. तुमचं ‘आपटून परत येणं’ बरंचसं हेच असणार.

एट-बॉल या पूलच्या नेहमीच्या प्रकाराचे नियम लवकर पाठ होतात, फक्त फाऊलनंतर पांढरा टेबलावर कुठेही ठेवायचा की ब्रेकच्या रेषेमागेच, हे खेळाआधी ठरवा. पार्लरगणिक रिवाज बदलतो.

क्यूची घाई नको. पार्लरमधलाच, साधारण १९ औंसाचा एक निवडा आणि दर वेळी तोच घ्या. डोळ्यासमोर धरून सरळ आहे का बघा, मग टिप बघा: तिची गोलाई एक रुपयाच्या नाण्याच्या कडेशी जुळायला हवी. चपटी किंवा चकचकीत झालेली टिप खडू धरत नाही. पुढे विकत घेतलात, तर पूलचाच घ्या, १२ ते १३ मिमी टिपेचा. स्नूकरची टिप ९-१० मिमीची असते आणि ती लहान, हलक्या बॉलसाठी आहे. उन्हात उभ्या गाडीत क्यू ठेवू नका, लाकूड वाकतं.